ड्राय क्लीन ओन्ली म्हणे, आणि करायचं कुणी?

कपड्याच्या आत ते बोटभर सॅटिनचं लेबल असतं ना, त्यावर ‘ड्राय क्लीन ओन्ली’ छापणाऱ्या माणसाला मे महिन्यात एकदा सोलापूरला आणून सोडा. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत, पॅडवाला, अस्तरवाला, आरी वर्कवाला ब्लाउज चढवून दुपारी साडेबाराच्या अक्षतेला उभं करा त्याला, पंख्यापासून लांब, आणि मग विचारा, आता सांग बे, हे कसं धुवायचं.

कारण घाम हा पाण्याचा मामला आहे. घामातलं मीठ पाण्यात विरघळतं, ड्राय क्लीनच्या केमिकलमध्ये नाही. ते केमिकल तेलकट, तुपकट डाग काढायला भारी, पण काखेतला घाम काढायचा तर आधी त्या जागेवर पाणी आणि डागाचं औषध लावून हाताने काम करावं लागतं, आणि तेवढा वेळ कोण देतंय. मशीनमधून फिरवायचं, वर कडक इस्त्री दाबायची, म्हणजे काखेतला पिवळा डाग आणखी पक्का होऊन घरी येतो, वर टर्पेंटाइनचा वास फुकट. कपाट उघडलं की कळतं कुठला ब्लाउज ‘क्लीन’ होऊन आलाय ते.

लेबलावर एक गोल असतो बघा, त्यात इंग्रजी पी असतं नाहीतर एफ. पी म्हणजे परक्लोरोइथिलीन, ड्राय क्लीनचं नेहमीचं केमिकल, ते चालेल, एफ म्हणजे ते नको, पेट्रोलियम जातीचं हलकं सॉल्व्हंट वापरा. एवढं नीट ठरवून दिलेलं आहे जगात. आता जावा लाँड्रीत आणि विचारा, तुम्ही कुठलं वापरता. मी विचारलं तर काउंटरवरचा पोरगा मोबाइलमधनं मान वर न काढता म्हणतो, ‘मॅडम, एकदम नव्यासारखं होऊन येतंय, टेन्शन नका घेऊ.’ आणि हातात गुलाबी पावती. मागे मुंगीएवढ्या अक्षरात, रंग जाणे, आकसणे, जर काळी पडणे, खडे-मणी तुटणे याची जबाबदारी आमची नाही. मग कशाची आहे, हँगरची? आणि तो नंबरचा चिटोरा स्टेपलरने सरळ सिल्कच्या अस्तरातून टोचतात, पिन काढताना धागा ओढला जातो आणि तिथनं एक बारीक रेघ पार शिवणीपर्यंत. हे तर पावतीवरही लिहिलेलं नसतंय.

आमच्या ह्यांचा ब्लेझर घ्या. रेडिमेड, चांगल्या दुकानातला, किंमत सांगत नाही कारण सासूबाई वाचतात. लाँड्रीतून आला तो छातीवर आणि कॉलरच्या पट्टीवर फोड घेऊन. हाताने दाबलं की खाली बसतात, हात काढला की परत वर. पूर्वी चांगल्या कोटात आतलं कॅनव्हास हाताने टाके घालून बसवायचे, आता डिंकवालं फ्यूजिंग गरम प्रेसने चिकटवून मोकळे होतात. डिंक हलका असला, नाहीतर प्रेस नीट बसलेला नसला, की धुलाईत आणि वाफेत तो सुटतो, कापड एकीकडे आणि फ्यूजिंग एकीकडे, आणि एकदा सुटलं की ते घरच्या इस्त्रीने काय नीट बसत नाही. म्हणजे लेबलवाल्याने सांगितलं तेच केलं, पैसे मोजून केलं, तरी कोट गेला तो गेलाच. दुकानदार म्हणतो लाँड्रीवाल्याने घालवला, लाँड्रीवाला म्हणतो माल हलका आहे ताई. दोघं एकाच रस्त्यावर आहेत, चार पावलांवर, पण समोरासमोर यायला तयार नाहीत, मधल्या मधे आम्ही फोड आलेला ब्लेझर हातावर घेऊन उन्हात.

बरं मग म्हणावं घरीच धुवू. तर तिथे रीलवाल्या बायका. शॅम्पू टाका, व्हिनेगर टाका, बेकिंग सोडा टाका, मीठ टाका रंग पक्का होतो. अगं बाई, कापूस रंगवताना रंग धाग्यात जायला मीठ लागतं, रंगवून विकलेल्या कापडाचा सुटणारा रंग मुठीने मीठ टाकून थांबत नसतो. इरकलीचा लाल पदर अंगावर उतरायला लागला की मीठ घाल नाहीतर मिठाची गोणी घाल, तो उतरणारच. आणि सोडा कशाला सिल्कला? रेशीम म्हणजे प्रोटीन, त्याला खार सोसत नाही. डाग खाणारी एन्झाइमवाली पावडर तर प्रोटीनच खाते, रक्ताचा आणि दुधाचा डाग खाते तशी हळूहळू रेशीम आणि लोकरही खाते. हे त्या रीलमध्ये कुणी बोलत नाही, तिथे फक्त पार्श्वसंगीत आणि फेस.

आणि सगळ्यात डोक्यात जाणारं वाक्य, ‘वाहत्या थंड पाण्यात हलक्या हाताने विसळून घ्या.’ वाहत्या!! इथे नळाला चार-पाच दिवसाआड पाणी, ते पण कधी रात्री तर कधी पहाटे, त्यात आधी प्यायचं भरायचं, मग टाकी, मग बॅरल, मग घागरी, आणि ह्या म्हणतात वाहत्या पाण्यात. बाकी दिवस बोअर. बोअरचं पाणी असं जड की बादलीच्या काठाला पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही, उलटा त्याचाच साका कपड्यावर चिकटतो, काळ्या कपड्यावर तर लगेच दिसतंय. त्यात ब्लाउजचे पॅड पाणी पिऊन बसतात, पिळायचे तर आकार जातो, न पिळता वाळत टाकले तर वरनं कडकडीत आणि आत ओलं, आणि एका कपाची घडी पडून तो कायमचा वाकडा.

मला राग ह्याचा येतो की हे गाव कपड्याचं आहे हो. इथले टॉवेल परदेशात जातात, चादरीला तर आमचंच नाव, शाळेचे युनिफॉर्म इथे शिवून गावोगाव जातात आणि पोरं ते चिखलात लोळवतात, आया ब्रशने घासतात, तरी वर्षभर टिकतात. म्हणजे धुवायला सोपा कपडा शिवता येतो, येत नाही असं नाही. आमच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत जानेवारीत नंदीध्वजाबरोबर, म्हणजे त्या उंच मानाच्या काठ्यांबरोबर, चालणाऱ्यांच्या अंगावरची पांढरी बाराबंदी बघा. पॅड नाय, फ्यूजिंग नाय, बंद बांधले की झालं, घामाने भिजली तर साबण लावून आपटायची, नीळ द्यायची, पुढच्या वर्षी परत पांढरीशुभ्र. आणि इकडे चाटी गल्लीत हजारोंची साडी दाखवताना शंभर गोष्टी सांगतात, धुवायचं कसं विचारलं की ‘कशाला धुताय ताई, दोन वेळा नेसली की हवेला टाका.’ हवेला! मे मधल्या?

परवा टेलरकडे गेले, म्हटलं दादा, पॅड शिवून टाकू नका, आतनं कापडाची खिशी करा, धुताना काढून ठेवता येतील असे द्या, आणि काखेत सुती कापडाची वेगळी पट्टी टाचून द्या, ती उसवून धुता येईल. आहे का यात काही रॉकेट सायन्स? तोंडातली टाचणी काढून म्हणतात, ‘असं कोण मागत नाय ताई.’ मागत नाय म्हणे. मी समोर उभी राहून मागतेय की!