मी तेव्हा होतो ना!

एकाहत्तरच्या युद्धावर ऑनलाइन वाद घालायचा असेल तर वाचनाच्या भानगडीत पडूच नका. वय पासष्टीच्या पुढे असलं की झालं. तुम्ही तेव्हा दादरच्या चाळीत राहत होतात, खिडक्यांना काळे कागद चिकटवले होते, भोंगा वाजला की वडील दिवे घालवायचे. एवढ्या भांडवलावर राजस्थान सीमेवरच्या लोंगेवाल्यात पाकिस्तानचे रणगाडे आपल्या पायदळानं फोडले की जैसलमेरहून उडालेल्या हंटर विमानांनी, याचा निकाल तुम्ही बेधडक देऊ शकता. समोरच्यानं कागदपत्रं काढलीच तर एकच विचारा, "तुम्ही होतात का तेव्हा?"

ढाक्यातली शरणागती आपण घरी टीव्हीवर पाहिली, हेही ठोकून द्या. माणेकशॉ काय रुबाबात बसले होते! एखादा खवचट येईलच सांगायला, की मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला आणि १६ डिसेंबर १९७१ला शरण आलेल्या पाकिस्तानी जनरल नियाझींच्या शेजारी बसले होते ते आपल्या पूर्व विभागाचे सेनापती अरोरा. माणेकशॉ तिथे नव्हतेच. डगमगू नका. "आम्हाला शिकवता?" म्हणा. याला अजून तरी कुणाकडे उत्तर नाही.

तुम्ही नंतर जन्मलेले अभ्यासू असाल, तर मात्र डाव उलटा टाका. समजा, साताऱ्याकडचे एखादे निवृत्त हवालदार लिहितायत, की मी मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीत होतो, पूर्व पाकिस्तानात जमालपूरला लढलो. त्यांच्याखाली नुसतं "संदर्भ?" एवढंच टाका. मग तिथे आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्यासाठी धाडलेल्या पत्राला पाकिस्तानच्या सुलतान अहमद यांनी सोबत बंदुकीची गोळी गुंडाळून कसं उत्तर दिलं, ते त्यांनाच ऐकवा. ते पत्र काही त्यांनी पाहिलेलं नसणार. बाकीच्या गोळ्या कुठल्या बाजूनं येत होत्या ते त्यांना ठाऊक असेल, पण त्याला तळटीप कुठून आणणार? तरीही बधले नाहीत, तर ९३ हजार युद्धकैद्यांत वर्दीतले किती आणि नागरिक किती, हा प्रश्न सोडून द्या. काका चष्मा शोधेपर्यंत वाद तुमच्या खिशात.

अडचण एकाच माणसाची. ढाक्याचा कुणी गृहस्थ मध्येच येऊन सांगू लागला, की २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कर ढाक्यावर तुटून पडलं तेव्हा मी विद्यापीठाच्या आवारात होतो आणि पुढे आयुष्यभर हाच विषय शिकवला, तर दोन्ही हत्यारं बोथट. अशा वेळी त्याला नम्रपणे समजावा, की दादा, इथे भारत-पाकिस्तान युद्धाची चर्चा चालली आहे, तुमचा काय संबंध?