अंधशाळा बंद करा म्हणणाऱ्यांना उत्तर

४ जानेवारीचा ब्रेल दिन जवळ आला, की गोव्यातल्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरू लागतो. त्याचा सारांश असा: अंध मुलांच्या निवासी शाळा म्हणजे जुन्या काळचा दानधर्म, तिथं वेताच्या खुर्च्या विणायला आणि पेटी वाजवायला शिकवतात, आता मोबाईल सगळं वाचून दाखवतो, मग ब्रेल कशाला, आणि गोवा एवढासा, तर वसतिगृह तरी कशाला? हे वाचून एखाद्या आईबापांनी मुलीला शाळेतून काढलं, तर तिचं आयुष्यभराचं नुकसान होईल. म्हणून हे उत्तर.

दानधर्माचं आधी. जगातली पहिली अंधशाळा १७८५च्या सुमारास पॅरिसमध्ये व्हालांतँ आउई यांनी काढली. त्यांचा पहिला विद्यार्थी फ्रान्स्वा लेस्यूर चर्चच्या दारात भीक मागायचा. आउईंनी त्याला उठावाच्या अक्षरांवर बोट फिरवून वाचायला शिकवलं. ही अक्षरं डोळसांच्याच वळणाची होती. पुस्तकं अवजड व्हायची, आणि मुलांना स्वतः काही लिहिता येत नसे. लुई ब्रेल आधी आपल्या गावच्या शाळेत डोळस मुलांबरोबर बसत होता, हुशारही होता. पण त्याला सगळं ऐकूनच शिकावं लागे. १८१९मध्ये, दहाव्या वर्षी, तो पॅरिसच्या शाळेत राहायला आला. शार्ल बार्बिए यांची बारा टिंबांची पद्धत त्याला तिथंच भेटली. १८२४पर्यंत त्यानं ती सहा टिंबांवर आणली होती. पुढे चालकांनी या लिपीला विरोध केला, तरी मुलं ती आपापसांत वापरत राहिली. शाळेनं तिला अधिकृत मान्यता दिली ती १८५४मध्ये, ब्रेल वारल्यावर दोन वर्षांनी. चालकांचं चुकलंच. पण लिपी जगवली ती एका छपराखाली राहणाऱ्या अंध मुलांनीच.

आपल्याकडची सुरुवात १८८७ची, अमृतसरला, ॲनी शार्प यांच्या शाळेनं. मुंबईत १९००मध्ये, दुष्काळाच्या दिवसांत, अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलर्ड यांनी अंध मुलांना शिकवायला घेतलं.

खुर्च्यांचा आक्षेप मला मान्य आहे. कित्येक शाळांनी हुशार मुलांनाही वेतकामालाच बसवलं. पेटीला मात्र नाव ठेवू नका. १८२९च्या ब्रेलच्या पुस्तिकेत शब्दांबरोबर संगीत लिहिण्याचीही रीत होती, आणि तो स्वतः चर्चमध्ये ऑर्गन वाजवून कमाई करत होता. ज्या गोव्यात गावोगावी भजनं होतात, तिथं तरी पेटीवाल्याला कुणी कमी लेखू नये.

मोबाईलचा मुद्दा सगळ्यांना पटतो, आणि सगळ्यात घातकही तोच. फोन जरूर वापरावा. पण नुसतं ऐकून मूल साक्षर होत नाही. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे १९५१पासून भारतीय भाषांसाठी ठरलेल्या समान पद्धतीत, ह्रस्व इकाराला २ आणि ४ क्रमांकाची टिंबं आहेत, दीर्घ ईकाराला ३ आणि ५. बोटाला फरक लगेच कळतो. फोनच्या आवाजात तो बहुतेक वेळा कळत नाही. लिहिताना ब्रेल पाटीत जाड कागद अडकवून उजवीकडून डावीकडे टोचत जायचं, मग कागद उलटून डावीकडून वाचायचं. प्रत्येक टिंबाची जागा मनात उलटी धरावी लागते. हे हातात बसायला रोजचा सराव लागतो, आणि चुकलेलं टिंब दाखवणारं माणूस शेजारी लागतं. लांबलचक अपूर्णांक किंवा बीजगणिताचं समीकरणही कानानं सोडवून बघा.

आता ‘गोवा एवढासा’. काणकोणहून पणजी सत्तरएक किलोमीटर. सहा-सात वर्षांच्या अंध मुलानं पावसाळ्यात रोज बस बदलत हा प्रवास करायचा? गावच्या शाळेत ब्रेल जाणणारे शिक्षक असतील, पुस्तकं असतील, तर मुलानं घरी राहूनच शिकावं; त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. घरापासून तुटण्याचं दुःख खरंच असतं. पण ती सोय नसताना वसतिगृह बंद केलं, तर मूल घरी बसेल.

कायद्यानंही हा प्रश्न कुणा गटाच्या मतावर सोडलेला नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३१नुसार ६ ते १८ वयाच्या, ठरावीक प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. दोहोंतली कुठली, हे मुलानं निवडायचं. मजकूर पुढे ढकलणाऱ्यांना काही मागायचंच असेल, तर वर्ग सुरू होण्याच्या पहिल्या दिवशी ब्रेल पुस्तकं मुलांच्या हातात पडावीत, मग शाळा कुठलीही असो, अशी मागणी करा.