आईला सगळं माफ म्हणे! कोणत्या कायद्यात?

रात्री साडेदहाला जिंतूरहून मावशीचा फोन. भावकीतलं एक पोरगं बांधाच्या भांडणात एकाला कुऱ्हाड मारून फरार झालंय, त्याच्या आईला हा मेसेज पाठवू का म्हणून विचारायली. मेसेज काय, तर 'नवीन कायद्यानुसार आईवडील, भाऊ, बायको यांनी आरोपीला घरात ठेवलं, जेवू घातलं तरी गुन्हा नाही, कोर्टात सिद्ध होईपर्यंत तर नाहीच. जास्तीत जास्त शेअर करा.' कशाला शेअर करता बाबांनो, त्या माउलीला आत घालायला?

भारतीय न्याय संहितेचं, गुन्हेगाराला आसरा देण्याबद्दलचं कलम 249 उघडून बघा, 1 जुलै 2024 पासून लागू आहे, जुन्या आयपीसीत हेच 212 होतं. सूट आहे, नाही म्हणत नाही, पण फक्त नवरा-बायकोला. आई नाही, बाप नाही, भाऊ नाही. मेसेजवाल्यानं बायकोची सूट उचलली अन् अख्ख्या खानदानात वाटून टाकली. अन् बायकोनंही लई खुश होऊ नये, कुऱ्हाड विहिरीत टाकली, रक्ताचा शर्ट धुतला तर पुरावा नष्ट केल्याचं 238 लागतं, तिथं तिलाही माफी नाही.

'नुसतं जेवू घातलं' हे तर कहरच. पकडलं जाऊ नये म्हणून दिलेला आसरा, अन्न, पाणी, पैसे, कपडे, गाडी, सगळं कायद्याच्या व्याख्येत लिहिलेलंय. म्हणजे शेतातल्या आखाड्यावर दशम्या-ठेचा पोचवणारा धाकटा भाऊ अन् पेट्रोल टाकून मोटारसायकल देणारा मामा, दोघंही अडकले. हां, माहीत असून वाचवायच्या हेतूनं केलं तरच. काही न सांगता पोरगं जेवून गेलं तर आई गुन्हेगार होत नाही. अन् पोरगं सापडेना म्हणून बापाला ठाण्यात बसवून ठेवायचं, हेही कुठल्या कायद्यात नाही.

कोर्टात सिद्ध होईपर्यंत? अरे, सिद्ध झाल्यावर माणूस जेलात असतो, मग लपवता कुणाला?

मूळ गुन्ह्याला जन्मठेप किंवा 10 वर्षांपर्यंत शिक्षा असेल तर लपवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत, फाशीची तरतूद असेल तर 5 पर्यंत, वर दंड. जखमी माणूस अजून नांदेडला आयसीयूत आहे. तो दगावला अन् खुनाचं कलम लागलं, तर हा आकडा कुठं जाईल ते बघा.

मावशीला म्हणलं, डिलीट कर, त्या बाईला सांग आधी वकील गाठ अन् पोराला हजर करायचं बघ. मावशी जरा वेळ गप्प. मग म्हणती, "तुला विचारायच्या आधीच पाठवला रे मी."