क्लस्टरची लेव्हल आपोआप वाढत नाही

टीममधल्या नव्या सहकाऱ्याने काल मला अपग्रेडचा आराखडा दाखवला. निम्मा मजकूर सगळीकडे फिरणाऱ्या त्या मेसेजमधून जसाच्या तसा उचललेला होता. मेसेजचं म्हणणं असं: सगळ्या नोडवर (क्लस्टरमधल्या एकेका सर्व्हरवर) नवीन विंडोज सर्व्हर आला की फेलओव्हर क्लस्टरची, म्हणजे एक बंद पडला तर दुसरा काम उचलेल अशा सर्व्हरच्या गटाची, फंक्शनल लेव्हल (तो गट कोणत्या आवृत्तीच्या नियमांनी चालतो ते सांगणारा आकडा) आपोआप वाढते. नाही वाढली तर कमांड मारा, बिघडलंच तर जुना नोड परत जोडा. लेव्हल वाढवताना सगळ्या व्हीएम (सर्व्हरवर चालणारे आभासी संगणक) बंद ठेवा. आणि मिश्र अवस्थेत, म्हणजे काही नोड जुन्या तर काही नव्या ओएसवर असताना, कितीही दिवस राहिलात तरी चालतं.

आपोआप काहीही वाढत नाही. विंडोज सर्व्हर २०१९ वरून २०२२ वर सगळे नोड नेल्यावरही गेट-क्लस्टर ही कमांड २०१९ ची लेव्हल, म्हणजे १० च दाखवते. अपडेट-क्लस्टरफंक्शनललेव्हल ही कमांड चालवल्याशिवाय २०२२ ची ११ दिसणार नाही.

खरा घात ‘जुना नोड परत जोडा’ या सल्ल्यात आहे. मायक्रोसॉफ्टच्या रोलिंग अपग्रेडच्या (एकेक नोड करत अपग्रेड करण्याच्या) दस्तऐवजात स्वच्छ लिहिलंय की ही कमांड चालवेपर्यंतच माघार घेता येते. तोवर नोड ड्रेन करा (त्यावरचं काम दुसऱ्या नोडवर हलवा), क्लस्टरमधून काढा, जुनी ओएस टाकून परत जोडा, सगळं शक्य आहे. कमांड चालली की लेव्हल खाली आणता येत नाही आणि जुन्या ओएसचा नोड क्लस्टर स्वीकारत नाही. शुक्रवारी संध्याकाळी कमांड मारली आणि सोमवारी कळलं की बॅकअपचा एजंट नव्या ओएसवर चालत नाही, तर परतीची वाट कुठली? म्हणून बॅकअप घेऊन तो रिस्टोअर करून बघा, फेलओव्हर करून बघा, कमांड आधी व्हॉटइफ लावून (काहीही न बदलता, काय होईल एवढंच बघायला) चालवा. मगच खरी.

व्हीएम बंद करण्याच्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे, हे मान्य करावं लागेल. पण ते अपडेट-व्हीएमव्हर्जन या दुसऱ्याच कमांडबद्दल. व्हीएमचं कॉन्फिगरेशन व्हर्जन वाढवायला ती व्हीएम बंद लागते, आणि तिथेही माघार नाही. क्लस्टरची लेव्हल मात्र व्हीएम चालू असताना वाढते. उलट नोड सगळे चालू हवेत. दोन वेगळ्या कमांड एकत्र कालवून लोकांना विनाकारण डाउनटाइम मागायला लावलाय.

आणि मिश्र अवस्था? त्याच दस्तऐवजात चार आठवड्यांची मुदत दिलीय. नवी फीचर्सही तोवर मिळत नाहीत.

स्टोरेज पूल (डिस्क एकत्र करून केलेला साठा) असेल तर अपडेट-स्टोरेजपूल निराळं चालवावं लागतं. मेसेजमध्ये त्याचं नावही नाही.