क्लाउनफिश आणि अ‍ॅनिमोन: फिरत्या मेसेजबद्दल खुलासा

मासे पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीबद्दल सध्या एक मेसेज फिरतोय: ‘क्लाउनफिश अ‍ॅनिमोनशिवाय जगत नाही, म्हणून दोन्ही एकाच दिवशी आणा. आणि मासे पाच-सहा तरी घ्या, एकटे पडतात.’

यातलं एवढंच खरं की समुद्रात हा मासा अ‍ॅनिमोनच्या, म्हणजे डंख मारणाऱ्या, फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्याच्या, आडोशाने राहतो, कारण तिथे त्याला खाणारे असतात. घरच्या टाकीत ती भीती नसते. दुकानांत मिळणारे बरेचसे ऑसेलॅरिस जातीचे क्लाउनफिश तर टाकीतच जन्मलेले असतात, अ‍ॅनिमोन न बघताच वाढलेले. उलट अ‍ॅनिमोनलाच भरपूर प्रकाश आणि काही महिने मुरलेली टाकी लागते. नव्या टाकीत तो मेला, तर पाण्यात अमोनिया चढतो आणि मासेही जातात. कार्पेट अ‍ॅनिमोन तर फायरफिशसारखा लहान मासा गिळूनही टाकतो.

संख्येचं म्हणाल तर जोडी पुरे. सगळे नर म्हणून जन्मतात, त्यातला थोरला मादी होतो. धाकटा तिच्यापुढे आडवा होऊन थरथरतो. तो आजार नव्हे, शरणागती. तिसरा मासा मात्र मार खाऊन कोपऱ्यात, वर पाण्याच्या कडेला लटकलेला दिसतो. बिचाऱ्याला पळायला जागाच नसते.

सोबतीला फायरफिश, रॉयल ग्रामा, बांगाई कार्डिनल चालतात. लायनफिश नको, तो शिकारी मासा; क्लाउनफिशची दुसरी जातही नको.

मेसेज आला असेल तर कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.