कातकऱ्यांची संस्कृती संपली, हे ठरवलं कुणी?

रायगडातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं की इथल्या कातकरी या आदिवासी जमातीचं जंगल गेलं, पोरं बोली विसरली, आता संस्कृती म्हणावी असं त्यांच्याकडे काही उरलेलं नाही. वाडीवर ओळख जागवायची शिबिरं घेणं म्हणजे पोरांना पुन्हा रानात ढकलणं, त्यापेक्षा शिक्षण द्या. आणि ज्यांना स्वतःच्या रीती सांगता येत नाहीत, त्यांना आदिवासी दाखला तरी कशाला?

आधी ‘काही उरलं नाही’ हे बघू. पहिला पाऊस पडला की पेण-पनवेलच्या बाजारात शेवळं ही रानभाजी घेऊन कोण बसतं? घसा खवखवू नये म्हणून भाजीत काकडं ही रानफळं घाल, हे गिऱ्हाइकाला कोण सांगतं? मेसेज पुढे ढकलणाऱ्यांतले कित्येक जण त्याच बाईशी वाट्याच्या भावावरून घासाघीस करत असतील. आणि जे गेलं, ते काही विसराळूपणाने गेलं नाही. खैराच्या झाडापासून काथ पाडणं हा यांचा धंदा. १८७८ च्या वन कायद्यानंतर रानं राखीव होत गेली, खैर हातचा गेला. मग कोळशाच्या भट्ट्या आल्या आणि त्यानंतर वीटभट्ट्या. रायगडातल्याच चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळीबार झाला, त्यातल्या हुतात्म्यांत नाग्या कातकरी आहे. हे नाव त्याच्याच जमातीच्या पोरांना सांगितलं तर ती मागे कशी जातात, हे कुणी समजावून द्यावं.

शिबिर म्हणजे नुसता नाच, असाही समज दिसतो. २००६ चा वनहक्क कायदा उघडून बघा. त्याच्या नियमांतल्या १३ व्या नियमाप्रमाणे वनजमिनीवरच्या हक्काच्या दाव्याला पुरावा म्हणून जाणत्या माणसांचे लेखी जबाब चालतात, जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थानं यांसारख्या खुणा चालतात, वंशावळही चालते. म्हणजे आजीने सांगितलेली देवाची जागा आणि पणज्याचं नाव हा दाव्यातला कागद आहे. आजी आहे तोवर नातवाने मोबाइलवर तिचं बोलणं टिपून ठेवलं, तर एरवी दाव्याला जोडायला काही नसलेल्या घराला आधार मिळतो. राज्यातल्या ज्या तीन जमाती विशेष असुरक्षित म्हणून नोंदल्या आहेत त्यांत कोलाम आणि माडिया गोंडांसोबत कातकरी आहेत, आणि अशा जमातींना याच कायद्याने अधिवासाचा, म्हणजे पूर्वापार राहत्या-वावरत्या मुलखाचा, सामूहिक हक्कही दिलाय. वाडी खाजगी मालकाच्या सातबाऱ्यावर असेल तर मात्र हा कायदा कामाचा नाही. तिथे राहत्या जागेला गावठाण म्हणून मान्यता मिळवायची लढाई वेगळी, आणि फार्महाउसवाल्यांचे भाव चढल्यापासून ती अवघड झालीय. रायगड अनुसूचित क्षेत्रात नसल्याने पेसाचाही, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचाही, आधार नाही.

दाखल्याचं थोडक्यात. बोली, देव, रीती जुळतात का हे पाहणाऱ्या चाचणीला सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये, ठाकूर जमातीच्या प्रकरणात, निर्णायक मानायला नकार दिला. स्थलांतराने आणि इतरांच्या सहवासाने रीती बदलतात, हे न्यायालयाने २०११ मध्येच म्हटलं होतं. आपल्यापैकी किती जणांना आपला कुळाचार नीट सांगता येतो, हेही एकदा विचारून बघावं.

राहिलं शिक्षण. इथे मेसेजवाल्याचं अर्धं खरं आहे, शिक्षण हवंच. पण पोरगं शाळेतून गळतं ते बोलीमुळे की भट्टीमुळे? पावसाळ्यात घरी धान्य नसतं म्हणून भट्टीवाल्याकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतली जाते, दिवाळीनंतर अख्खं बिऱ्हाड भट्टीवर जातं आणि पाऊस तोंडावर आला की परततं. मधलं वर्ष बुडतं. जे पोरगं वर्गात टिकतं, त्याला पहिलीत पुस्तकी मराठी कळत नाही. त्याच्या बोलीतले चार शब्द गुरुजींनी हसण्यावारी नेले की ते मागच्या बाकावर जातं आणि गप्प होतं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, हे घटनेच्या ३५० अ कलमात लिहिलंय. ते काही शिबिरवाल्यांचं खूळ नाही. आईबाप भट्टीवर असताना पोरांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. शिक्षणाची खरंच कळकळ असलेल्यांनी दिवाळीआधी आपल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत त्याची मागणी लावून धरावी.