"आपलीच माणसं आहेत, सगळं दिसू द्या" हे मला का पटत नाही

छोट्या कारखानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला फिरतोय: "दहा-वीस माणसांच्या धंद्यात परमिशनची भानगड कशाला? सगळ्यांना सगळं दिसू द्या. आपलीच माणसं आहेत, काम अडत नाही, पारदर्शकता राहते आणि कुणी काही केलंच तर लॉगमध्ये सापडतं." मी लहान कंपन्यांत ईआरपीनेक्स्ट, म्हणजे हिशोब, स्टॉक, पगार एकाच जागी सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसवून देतो. हा सल्ला ऐकून झालेला घोळ निस्तरायला अनेकदा मलाच बोलावतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी "आपलीच माणसं". ज्याची माहिती उघडी पडते, तोही आपलाच माणूस असतो. एका वर्कशॉपमध्ये स्टोअरच्या मुलाला एका ऑपरेटरचा मोबाइल नंबर हवा होता. त्याने एम्प्लॉयी रेकॉर्ड उघडलं, तिथूनच सॅलरी स्लिपही उघडली आणि त्यात दर महिन्याची कर्जाची कपात दिसली. पोराच्या मनात वाईट काही नव्हतं. चहाच्या वेळी त्याने सहज विचारलं, "काका, एवढं कर्ज कशाचं हो?" समोर सहा जण बसलेले. मुलीच्या ऑपरेशनसाठी घेतलेलं ते कर्ज काकांनी मालकांशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून ते डबा घेऊन मशीनपाशी एकटेच बसायला लागले. यात चोर कुणीच नाही. मुलाला हवा होता एक नंबर, त्याच्या हातात दिली गेली अख्खी फाइल.

शिवाय माणसं बदलतात, लॉगिन मात्र तसंच राहतं. पोर्तुगालमधल्या बारेरू इथल्या सरकारी रुग्णालयाला २०१८ मध्ये ४ लाख युरो दंड झाला. तिथे डॉक्टर होते २९६ आणि रुग्णांच्या नोंदी पाहू शकणारी डॉक्टर-दर्जाची खाती चालू होती ९८५. आपल्याकडे आकडे लहान असतील, पण नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटचं खातं त्याच दिवशी बंद करणारे मालक मला फार कमी भेटलेत.

"लॉगमध्ये सापडतं" हा सगळ्यात फसवा मुद्दा. लॉग म्हणजे कुणी काय केलं याची सॉफ्टवेअरने ठेवलेली नोंद. ईआरपीनेक्स्ट बदल नोंदवतं: कुणी पगाराचा आकडा बदलला, कधी बदलला. पण कुणी नुसतं पाहिलं, ते आपोआप नोंदलं जाईलच असं नाही. त्यासाठी 'ट्रॅक व्ह्यूज' वेगळं चालू करावं लागतं, आणि ते केलेलं मला क्वचितच दिसतं. त्यात चौघं जण मिळून ॲडमिनिस्ट्रेटरचा एकच पासवर्ड वापरत असतील, तर लॉगमध्ये चौघांचं नाव एकच. आणि समजा सापडलंच, तरी काकांच्या बाबतीत त्याचा काय उपयोग होता? वाचलेलं परत घेता येत नाही.

पारदर्शकतेबद्दल मला आदर आहे. कुठल्या पदाला किती पगार, हे मालकाने सगळ्यांसमोर ठेवायचं ठरवलं तर मी टाळ्या वाजवीन. पण तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. बँक खातं, पॅन, आजारपणाच्या रजेचं कारण याचा पारदर्शकतेशी काय संबंध?

"काम अडतं" यात मात्र तथ्य आहे. पगार करणारी बाई रजेवर गेली आणि ३० तारीख आली की धावपळ होतेच. त्यावर उपाय म्हणजे दुसऱ्या एका माणसाला तो रोल, म्हणजे सॉफ्टवेअरमधले त्या कामाचे अधिकार, देऊन ठेवायचा. सगळ्यांना चावी द्यायची गरज नाही. बाकी अडचणींची सोय सॉफ्टवेअरमध्येच असते. एम्प्लॉयीला त्याचं लॉगिन जोडताना 'क्रिएट युजर परमिशन' टिक केलं की त्याला इतर कर्मचाऱ्यांची रेकॉर्ड दिसत नाहीत. बँकेची, पगाराची फील्ड्स (रकाने) वरच्या परमिशन लेव्हलला, म्हणजे वेगळी परवानगी लागणाऱ्या पातळीवर, टाकून ती लेव्हल फक्त एचआरच्या रोलला द्यायची. एक्सपोर्टचा, म्हणजे माहिती फाइलमध्ये बाहेर काढून नेण्याचा, टिक वेगळा असतो, तो बहुतेकांचा काढून टाकावा. शाखेनुसार बंधन घातलं असेल तर 'अप्लाय स्ट्रिक्ट युजर परमिशन्स' तपासा; ते बंद असेल तर ज्याच्या रेकॉर्डमध्ये शाखा रिकामी राहिलीय, तो सगळ्या शाखांना दिसतो. फोन नंबरांची यादी वेगळी द्या, स्टोअरचं काम तेवढ्यावर भागतं.

"हे नियम मोठ्या कंपन्यांसाठी" असंही कुणीतरी जोडतंच. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात नोकरीच्या कामासाठी कर्मचाऱ्याची माहिती वापरताना संमतीतून सूट आहे, पण ती सांभाळण्यातून नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेले त्याचे नियम टप्प्याटप्प्याने लागू होताहेत आणि कुणाला काय दिसावं यावर नियंत्रण ठेवणं त्यांत आहे. सुरक्षेत कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये.

त्या वर्कशॉपमध्ये सगळं बसवायला मला एक दुपार पुरली. निघण्याआधी स्टोअरच्या मुलालाच त्याच्या लॉगिनने एम्प्लॉयी यादी उघडायला सांगितली. यादीत एकच ओळ आली, त्याच्या स्वतःच्या नावाची.